तुरटीचा खडा आणि तेलाची विहीर

पावसाळ्याच्या आरंभीं कुंडलिकेचें किंवा दुधनेचें गढूळ पाणी घागरींत भरून ठेवावें. वाळू क्षणांत तळाशीं बसते. काळ्या मातीचे बारीक कण मात्र दुसऱ्या दिवशींहि तरंगत असतात. त्याच पाण्यांत तुरटीचा खडा चार वेळां फिरविला, म्हणजे थोड्या वेळानें तें नितळूं लागतें. ही युक्ति आपल्या आयाआज्यांस ठाऊक आहे; तिचें कारण फार थोड्यांस ठाऊक असतें.

मातीच्या सूक्ष्म कणांच्या अंगावर ऋण विद्युद्भार असतो. सारखे भार एकमेकांस लोटतात, म्हणून कण एकत्र येत नाहींत. तुरटींतील ॲल्युमिनियमच्या धन भारानें तें लोटणें थांबतें व कण एकमेकांस चिकटून खालीं बसतात. साधें मीठहि हेंच काम करतें, परंतु तें पुष्कळ घालावें लागतें.

हीच गोष्ट खनिज तेलाच्या विहिरींत फार महाग पडते. आपल्या जिल्ह्याचा काळा पाषाण लाव्हारसाचा. तेल राहतें तें बहुधा वालुकाश्म व चुनखडक अशा गाळाच्या खडकांत. गुजरातेंत अंकलेश्वर येथें तें १९६० सालीं, तर मुंबईनजीकच्या समुद्रांत 'मुंबई हाय' येथें १९७४ सालीं सांपडलें. भूगर्भांत तेलाचीं तळीं असतात ही समजूत चुकीची होय. भिजलेल्या विटेंत पाणी असावें, तसें तें खडकाच्या छिद्रांत भरलेलें असतें.

वालुकाश्माच्या छिद्रांच्या भिंतींस चिकणमातीचे कण चिकटलेले असतात. विहिरीचा मूळचा जोर ओसरल्यावर तेल पुढें ढकलण्यासाठीं खडकांत पाणी सोडतात. आंतील पाणी बहुधा खारें असतें; गोडें पाणी शिरलें कीं क्षार विरळ होतात, भिंत व कण एकमेकांस लोटूं लागतात, आणि सुटलेले कण वाहत जाऊन अरुंद वाटांच्या तोंडाशीं अडकतात. जत्रेंत देवळाच्या दारांत माणसें अडकावीं तसाच हा प्रकार! मग पोटांत तेल असूनहि विहीर तें देत नाहीं.

ह्यावर संशोधकांनीं नॅनोकणांचा उपाय शोधला. मीटरचे शंभर कोटी भाग केले असतां एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हे कण शंभर नॅनोमीटरांहून लहान असतात. मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या पदार्थाचे कण आधीं खडकांत सोडले, तर ते भिंतीस लेपासारखे बसतात, तिचा ऋण भार कमी करतात, आणि मातीचे कण तिला धरून राहतात. काचेचे मणी भरलेल्या नळींत हें प्रयोगानें दिसून आलें आहे. तथापि नळी निराळी आणि मैल दोन मैल खोल खडक निराळा. प्रमाण चुकलें तर हे कणच छिद्रें बुजवितील, ही भीति मला खरी वाटते.

जिज्ञासु विद्यार्थ्यानें घरीं एवढें करून पाहावें. तळाशीं भोंक पाडलेल्या डब्यांत फडकें घालून वाळूंत चिमूटभर काळी माती मिसळून भरावी. आधीं मिठाचें दाट पाणी ओतावें, मग पावसाचें, आणि खालीं पडणाऱ्या पाण्याचा रंग व त्याची धार दोन्ही वेळां न्याहाळावीं.