टॅलीवर पगारपत्रक : घरी बसून शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?

कोपरी (ठाणे पूर्व) : ठाणे स्टेशनच्या पूर्वेला कोपरी आणि पश्चिमेला थोडं पुढे वागळे इस्टेट. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडची बारावी झालेली अनेक मुलंमुली कामाच्या शोधात याच पट्ट्यात येतात. छोटे कारखाने, ट्रान्सपोर्टवाले, सिक्युरिटी एजन्सी, लेबर कॉन्ट्रॅक्टर यांच्या ऑफिसात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टॅली येतं का?" खरेदी-विक्रीच्या एंट्र्या बऱ्याच जणांना येतात. पण "महिन्याचा पगार करता येतो का?" असं विचारलं की निम्मे गप्प बसतात. हे काम अवघड नाही. क्लासची फी परवडत नसेल तर त्यातलं बरंचसं घरीच शिकता येतं, फक्त क्रम बरोबर पाहिजे.

आधी वही, मग कॉम्प्युटर

टॅली हिशेब करतं, पण नियम आपणच सांगावा लागतो. नियम चुकीचा भरला तर उत्तरही बिनचूक चुकीचंच येतं. म्हणून पहिले आठ-दहा दिवस कॉम्प्युटर न लावता चार कपाती नीट समजून घ्याव्यात.

पीएफ : मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याच्या १२ टक्के रक्कम कामगाराची कापली जाते, तेवढीच मालक भरतो. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात. सक्तीच्या पीएफसाठी पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार रुपये आहे.

ईएसआय : १ जानेवारी २०१७ पासून मर्यादा २१ हजार रुपये आहे. जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के.

व्यवसाय कर : महाराष्ट्रात १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात. वर्षाचे होतात २,५००. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत हा कर माफ आहे.

कामगार कल्याण निधी : ही छोटी रक्कम वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरच्या पगारात कापतात. म्हणून ती हमखास विसरली जाते.

एका पगाराचं गणित

समजा मूळ पगार व महागाई भत्ता १२,००० आणि घरभाडे भत्ता ३,०००. एकूण १५,००० रुपये. महिना पूर्ण भरलाय.

पीएफ १२,००० च्या १२ टक्क्यांनी १,४४० रुपये. ईएसआय १५,००० च्या ०.७५ टक्क्यांनी ११२.५०, पण इथे पैसे आले की पुढचा पूर्ण रुपया धरतात, म्हणजे ११३. व्यवसाय कर २००. एकूण कपात १,७५३. हातात येणार १३,२४७ रुपये.

हाच पगार बाईमाणसाचा असेल तर व्यवसाय कर शून्य, हातात १३,४४७. टॅलीत कामगाराची माहिती भरताना स्त्री की पुरुष ही नोंद चुकली तर वर्षाला अडीच हजारांचा फटका बसू शकतो. फटका गरिबालाच, आणि बऱ्याचदा त्याला कळतही नाही.

आता तीन दिवस बिनपगारी खाडा झाला असं धरा. महिना ३० दिवसांचा धरला तर १,५०० रुपये कमी होतात. काही ठिकाणी २६ ने भागतात, तिथे १,७३१ च्या आसपास कमी होतात. कामगार आणि ऑफिस यांच्यात वाद होतो तो इथेच. म्हणून पगार करणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, "आपल्याकडे दिवसाचा पगार कितीने भागून काढतात?" आणि टॅलीतही तेच भरावं.

असे दहा पगार वहीत स्वतः काढा. हात बसला की मगच मशीनकडे वळा.

टॅलीतला क्रम

टॅली ही बंगळुरूची कंपनी. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये ती सुरू केली. सध्याचं टॅलीप्राइम २०२० मध्ये आलं. ते विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालतं, मोबाइलवर नाही. घरी मशीन नसेल तर मित्राचा जुना लॅपटॉप किंवा ओळखीच्या सायबर कॅफेत ठरवून घेतलेला तास चालतो.

कंपनीच्या वेबसाइटवरून सॉफ्टवेअर उतरवलं की लायसन्स न घेता 'एज्युकेशनल मोड'मध्ये फुकट सराव करता येतो. त्यात १, २, ३१ अशा ठरावीक तारखांनाच नोंदी घेता येतात. सरावाला तेवढं पुरतं. चोरीची कॉपी घ्यायची गरज नाही.

भातशेतीत राब भाजून, रोप तयार झाल्यावरच लावणी होते. इथेही तसंच. एक पायरी चुकवली की पुढचं उगवत नाही.

१. एफ-११ दाबून पेरोल आणि त्याखालचं पेरोल स्टॅट्युटरी सुरू करा.
२. कामगारांचे गट करा, मग एकेकाचं नाव, जन्मतारीख, रुजू तारीख, यूएएन आणि ईएसआय नंबर भरा.
३. हजेरीचे प्रकार करा : हजर, बिनपगारी रजा, ओव्हरटाइम.
४. पे हेड करा : मूळ पगार, घरभाडे, पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर. कमाई कोणती, कपात कोणती आणि मालकाचा हिस्सा कोणता हे इथेच ठरतं. चुका सर्वात जास्त याच पायरीवर होतात.
५. प्रत्येकाचा पगार किती ते सॅलरी डिटेल्समध्ये भरा.
६. महिन्याची हजेरी टाका, मग पेरोल व्हाउचर ऑटोफिलने करा.
७. पे स्लिप काढून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. रुपयाचाही फरक आला तर पुढे जायचं नाही, कारण शोधायचं.

सर्टिफिकेटचं काय?

घरी शिकलं तरी कागद मागणारे मागतातच. त्यासाठी टॅली कंपनीच्या स्वतःच्या परीक्षा आहेत, एमकेसीएलच्या केंद्रांवर टॅलीचे कोर्स आहेत. कौशल्य विकास योजनेखाली बीएफएसआय सेक्टर स्किल कौन्सिलने 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह – पेरोल' असा कामाचा दर्जा ठरवून दिलाय. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं मिळणार, परीक्षा कोण घेणार, आणि अभ्यासक्रमात पेरोल आहे की फक्त जीएसटी? "शंभर टक्के नोकरी" असं सांगणाऱ्याकडून ते लेखी मागावं.

दर बदलतात, लक्ष ठेवा

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून ईएसआयचा जुना दर पाठ करणारे बरेच भेटतात. व्हिडिओची तारीख आधी बघावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यात भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून पीएफ वाचवणाऱ्यांना त्याने आळा बसू शकतो. ताजे नियम ईपीएफओ आणि ईएसआयसीच्या वेबसाइटवर बघावेत.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही

पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. आधारवरचं नाव आणि यूएएनवरचं नाव जुळलं नाही तर म्हातारपणी पैसे अडकतात. ईएसआयमधून आजारपणाचा भत्ता मिळायला ६ महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. पगारपत्रकात हजेरी कमी पडली तर माणूस अंथरुणावर असतानाच त्याचा हक्क जातो. महिन्याच्या पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, तिथेही चुकीची रुजू तारीख नडते.

म्हणूनच हे शिकण्याचा फायदा नोकरी न लागलेल्यालाही आहे. सातबारा वाचता आला की जमिनीत कोणी घोळ केला ते कळतं. पे स्लिपचंही तसंच. घरात कोणी कंपनीत, गोडाउनला किंवा सिक्युरिटीत कामाला असेल तर या महिन्याची स्लिप मागून घ्या, वरच्या गणिताप्रमाणे आकडे मांडा आणि पीएफचं पासबुक उघडून पैसे खरंच जमा झालेत का तेही बघा. सरावाला यापेक्षा चांगला पगार दुसरा नाही.