वॉशिंग मशीनची त्रिविध परीक्षा

आयुर्वेदांत रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशा तीन मार्गांनीं करावयास सांगितली आहे. घरांतील जुन्या वॉशिंग मशीनलाहि हाच क्रम लावतां येतो. यंत्र दहाबारा वर्षांचें होऊन एके दिवशीं अडलें, कीं ‘आतां नवेंच घ्या’ असें सांगणारे पुष्कळ भेटतात. तें कोठें अडलें हें पाहणारा विरळा. वास्तविक कित्येक बिघाड अगदीं क्षुल्लक असतात. ते शोधण्यास विशेष कारागिरी लागत नाहीं. क्रमानें पाहण्याची संवय मात्र लागते.

प्रथम जिवाची काळजी. प्लग भिंतींतून काढल्यावांचून व नळ बंद केल्यावांचून यंत्र उघडूं नये. पत्र्यास हात लागतांच झिणझिण्या येत असतील, तर घरांतील मुख्य बटण बंद करावें आणि जाणत्या माणसाकडून अर्थिंग तपासून घेईपर्यंत तें यंत्र वापरूं नये.

आतां दर्शन. पाणी सावकाश भरत असेल, तर यंत्राच्या मागें नळी जोडतात तेथील बारीक जाळी पाहावी. जड पाण्याच्या गांवीं ती क्षारांनीं बुजून जाते. पक्कडीनें हलकेच ओढून ब्रशनें धुवावी. पाणी बाहेर जात नसेल, तर समोरून दार असलेल्या बहुतेक यंत्रांत खालच्या कोपऱ्यांत पंपाची गाळणी असते. आंतील पाणी गार झाल्यावर खालीं परात ठेवून तिचें झांकण हळूहळू फिरवावें. नाणीं, गुंड्या, केसांचे आंकडे असा ऐवज तेथें सांपडतो. पाणी गेल्यावांचून अशीं यंत्रें पिळावयास लागत नाहींत. म्हणून ‘पिळत नाहीं’ या तक्रारीचें मूळ पुष्कळदां या गाळणींतच असतें.

मग स्पर्शन. रिकामें पिंप हातानें फिरवावें. तें खडखडत असेल व वरखालीं हिसकल्यास झोक खात असेल, तर बेअरिंग झिजलें आहे. तें निर्वेध फिरूनहि पिळतांना यंत्र नाचत असेल, तर पाये समतल आहेत कीं नाहींत आणि कपडे एका बाजूस गोळा होतात काय, तें पाहावें. पट्ट्याच्या यंत्रांत मोटर फिरते पण पिंप हलत नाहीं, असें झाल्यास पट्टा सुटला किंवा सैल पडला असें समजावें. मोटर नुसती गुणगुणत राहिल्यास कपॅसिटरचा संशय घ्यावा. परंतु प्लग काढल्यावरहि त्यांत विजेचा साठा राहूं शकतो, म्हणून तें काम कारागिराचेंच.

तिसरा प्रश्न, आणि तोच आपण विसरतों. आमचें बारा वर्षांचें यंत्र गेल्या वर्षीं सारखें पाणी घेई, पण भरेना. पाहावयास आलेल्या कारागिरानें आंतील मुख्य भाग निकामी झाल्याचें सांगून नव्या यंत्राची किंमत ऐकविली. आठ दिवस नऊ माणसांचें धुणें सूनबाईंच्या हातांवर पडलें. शेवटीं त्यांनाच विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “यंत्र भरत असतांना मोरींत पाण्याचा आवाज येतो.” मोरीची दुरुस्ती झाली त्या वेळीं सांडपाण्याची नळी जमिनीवर पडून राहिली होती. तिचें टोंक आंतील पाण्याच्या पातळीखालीं आल्यामुळें आलेलें पाणी आपोआप वाहून जात होतें. नळी कंबरेइतक्या उंचीवर बांधतांच यंत्र पूर्ववत् चालूं लागलें. खर्च काय तो हातभर सुतळीचा!

रोज यंत्राशीं जिची गांठ, तिला त्याचे नाद, वास व खोडी ठाऊक असतात. पण दुरुस्तीच्या वेळीं तिला कोणी विचारीत नाहीं. कारागीर येईल तेव्हां तिनें समोर असावें व लक्षणें तिच्याच तोंडून सांगितलीं जावींत. बेअरिंग गेलें, पत्रा गंजून आरपार झाला आणि दुरुस्तीची रक्कम नव्या यंत्राच्या किंमतीस भिडूं लागली, तर जुन्याला खुशाल निरोप द्यावा. मात्र तो निर्णय परीक्षेनंतरचा असावा.