बोटीतून खोल डायव्हिंगला जाताय? आधी शरीराला विचारा

मालवण-तारकर्लीच्या सहलीतले पाण्याखालचे फोटो आता आपल्या वस्त्यांतल्या मुलांच्या मोबाइलवरही दिसतात. काही मुले-मुली तेवढ्यावर न थांबता रीतसर कोर्स करून याच कामात पोट भरायचा विचार करतात. चांगली गोष्ट आहे. पण पुढची पायरी म्हणजे बोटीने दूर जाऊन खोल उतरणे. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे. तिथे काही बिघडले तर दवाखाना लगेच हाताशी येत नाही. म्हणून आपण तयार आहोत की नाही, हे घरीच ठरवायला हवे.

सहलीतले स्कुबा आणि हे डायव्हिंग एक नव्हे. सहलीत प्रशिक्षक आपल्याला धरून उथळ पाण्यात फिरवतो. सगळी जबाबदारी त्याची. पहिला रीतसर कोर्स, म्हणजे 'ओपन वॉटर', केला की १८ मीटरपर्यंत आणि त्यापुढचा 'अॅडव्हान्स्ड' केला की ३० मीटरपर्यंत जाता येते. तिथे आपली हवा, आपली खोली आणि आपला जोडीदार यांच्यावर आपल्यालाच लक्ष ठेवावे लागते.

खोल पाण्यात शरीराचे काय होते?

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर तो जमिनीवरच्या चौपट होतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते आणि सिलिंडर तितक्याच लवकर रिकामा होतो. वर येताना उलटे घडते, फुप्फुसातली हवा फुगते. श्वास रोखून वर आलो तर फुप्फुस फाटू शकते, अगदी कमी खोलीवरूनही. म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही.

खोलीवर रक्तात आणि अवयवांत नायट्रोजन मुरतो. घाईने वर आलो तर त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे दुखतात, मुंग्या येतात, हातापायांतली ताकद जाते. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे. ३० मीटरच्या आसपास काहींना दारू चढल्यासारखे वाटते आणि साधा निर्णयही चुकतो. तसे वाटले तर जोडीदाराला खूण करून थोडे वर यायचे.

हे आजार लपवू नका

डायव्हिंगआधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. 'हो' लिहिले तर संधी जाईल, म्हणून मुले सगळीकडे 'नाही' लिहितात. आम्ही परिचारिका म्हणून हात जोडून सांगतो, असे करू नका. 'हो' म्हणजे नकार नव्हे. 'हो' म्हणजे डॉक्टरांनी तपासून सही करायची.

टीबी बरा झाला तरी फुप्फुसात व्रण राहू शकतात. त्यात हवा अडकली तर वर येताना धोका असतो. एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा. दम्याचेही तसेच. सिकलसेलचे रुग्ण असाल तर डायव्हिंग टाळलेलेच बरे. वाहक असाल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आपल्या विदर्भातल्या अनेक घरांत हा आजार आहे, तेव्हा तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या. फिट येणे, हृदयविकार, कान वाहणे, कानाचा पडदा फाटलेला असणे, हेही स्पष्ट सांगा. गरोदरपणात डायव्हिंग करू नये.

सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका. नाक मोकळे करायची गोळी घेऊनही नको. गोळीचा असर पाण्याखालीच संपला तर वर येताना कान आणि कपाळ ठणकते.

सराव किती हवा?

सर्टिफिकेट जुने असेल आणि मधे वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर आधी उथळ पाण्यात उजळणी करा. मास्कमध्ये आलेले पाणी काढणे, तोंडातून सुटलेली नळी शोधून परत लावणे, जोडीदाराच्या हवेवर श्वास घेणे आणि एकाच खोलीवर स्थिर राहणे, हे न घाबरता जमते का ते पाहा. एका जागी पाण्यात १० मिनिटे तरंगता येते का, तेही पाहा. हे किनाऱ्याजवळ जमत नसेल तर हलत्या बोटीवरून उडी मारल्यावर, प्रवाहात, मुळीच जमणार नाही.

बोटीच्या दिवशी

आदल्या रात्री दारू नको, झोप पुरेशी हवी. सकाळी हलके खा, पाणी भरपूर प्या. बोट लागत असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि आधी घरी घेऊन पाहा, कारण काही गोळ्यांनी झोप येते. बोटीवर प्राणवायूचा सिलिंडर, प्रथमोपचार पेटी आणि वायरलेस आहे का, हे विचारा. उतरलेले सगळे परत आले, याची मोजणी कोण करतो, तेही विचारा. विचारायला लाजू नका.

वर आल्यावर त्याच दिवशी घाट चढू नका. उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि अंगातला नायट्रोजन बुडबुडे करतो. एकदाच उतरला असाल तर किमान १२ तास आणि अनेकदा उतरला असाल तर किमान १८ तास विमानप्रवास टाळा. आंबोलीसारख्या ६०० मीटरहून उंच घाटालाही हाच हिशेब लावा. रात्रीची गाडी पकडण्यापेक्षा एक मुक्काम वाढवा. नंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, चक्कर आली तर 'थकवा असेल' म्हणून झोपू नका. लगेच दवाखान्यात जा आणि डायव्हिंग केल्याचे आधी सांगा.

खर्चाचे ओझे आम्हाला माहीत आहे. महिनोन्महिने साठवलेले पैसे भरले, आता मागे कसे फिरायचे, असे वाटते. पण कान मोकळा होत नसेल, पोटात ढवळत असेल, मनात भीती असेल तर 'आज मी उतरत नाही' असे म्हणा. कारण सांगायची गरज नाही. चांगला प्रशिक्षक त्यावर हसत नाही. घरच्यांनीही 'पैसे वाया गेले' म्हणून त्या मुलाला, त्या मुलीला बोलू नये. समुद्र पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो.