टाळू शिवली, घोरणं राहिलं

दोह्याच्या दक्षिणेला, 2022च्या विश्वचषकाचं टोपीच्या आकाराचं स्टेडियम असलेल्या अल थुमामात उन्हाळ्यात एसी रात्रभर चालू असतो. त्या घरघरीत लहान मुलाचं घोरणं सहज दबून जातं. आणि ऐकू आलं तरी घरातली वडील मंडळी म्हणणार, ‘गाढ झोपलंय, झोपू दे!’

दुभंगलेल्या टाळूच्या मुलाबाबत हे समाधान धोक्याचं आहे.

साधारण 700 बाळांमागे एकाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. ग्रहणात आईने विळी हातात घेतली म्हणून नव्हे. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग नीट सांधले जात नाहीत म्हणून. टाळू हे तोंडाचं छत तसंच नाकाचा तळ. ती फाटली की नाकाचा पडदाही बऱ्याचदा वाकतो, वरचा जबडा अरुंद राहतो. खालचा जबडा फारच लहान असेल, तर जीभ मागे पडून घसा अडवते. फ्रेंच डॉक्टर पियर रोबां यांनी 1923मध्ये याचं वर्णन केलं. अशा बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली पालथं निजवतात. फारच अडलं, तर जबड्याचं हाड कापून रोज एक-दोन मिलिमीटरने लांबवतात.

जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरतात, झोपेत ते सैलावतात आणि आधीच अरुंद असलेली वाट अडते; घोरणं ही त्याचीच खूण.

खरा पेच पुढे आहे. टाळू बहुधा वर्षा-दीड वर्षाच्या आत शिवतात, पण तिथला व्रण वरच्या जबड्याची वाढ रोखू शकतो. मूल गेंगाणं बोलत राहिलं, तर घशामागची पट्टी टाळूला जोडतात; बोलणं सुधारतं, श्वासाची वाट मात्र अरुंद होते. इतर मुलांच्या घोरण्यावर अ‍ॅडिनॉइड ही नाकामागची गाठ काढणं हा नेहमीचा उपाय. इथे तीच गाठ आखूड टाळूला टेकू देत असते, ती काढली की आवाज पुन्हा नाकात. म्हणून काही शल्यविशारद ती अर्धवटच काढतात. बोलणं की झोप, असा हा सौदा आईवडिलांना आधी समजावून सांगायला हवा.

दोह्यात सिद्रा मेडिसिनमध्ये अशा मुलांसाठी खास पथक आहे. महाराष्ट्रात, 2013मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी आणि मोफत उपचार होतात. डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर मुलाच्या झोपेचं चित्रण न्यावं: मान मागे टाकलेली, उघडं तोंड, घाम, मध्येच थांबलेला श्वास. झोपेच्या तपासणीत मोठ्या माणसाचा श्वास तासाला पाचपेक्षा कमी वेळा अडला तर डॉक्टर सहसा चिंता करत नाहीत. मुलांमध्ये एकाच्या वर गेलं की ते आजार मानतात.