वायू-संवेदक : मोजमाप कशाचे आणि कोणासाठी?

विज्ञान तटस्थ असते, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. सूत्रापुरते ते खरेही आहे. परंतु त्या सूत्रावरून तयार झालेले उपकरण कोठे बसवायचे, कशाच्या रक्षणासाठी बसवायचे आणि कोठे बसवायचे नाही, हे समाज ठरवतो. आणि आपला समाज तटस्थ नाही. मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. वर्गात संवेदक, म्हणजे ज्याला सर्रास सेन्सर म्हणतात, ते शिकवताना पुस्तकातील उदाहरणे धान्याच्या कोठाराची, औषधाच्या गोळ्यांची, फळांच्या शीतगृहाची असतात. मॅनहोलचे उदाहरण बहुधा नसते. आपल्या लेखनात मॅनहोल येते, पण त्यात संवेदक नसतो. गटारात उतरलेल्या कामगाराच्या मृत्यूवर आपण संतापाने लिहितो, आणि तो संताप न्याय्यच आहे. परंतु 'गुदमरून मृत्यू' या दोन शब्दांपाशी वृत्तपत्रे थांबतात आणि आपणही थांबतो. तो कशाने मेला, ते आधी कळू शकले असते काय, कोणत्या साधनाने, हे कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा लेख.

१. ओलावा मोजण्याची गोष्ट

हवेतील ओलावा मोजण्याचे एक जुने साधन माणसाच्या केसापासून बनले. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ द सोस्यूर याने १७८३ मध्ये आपल्या ग्रंथात त्याचे विवेचन केले. हवा कोरडी असताना केस आखडतो, दमट असताना लांबतो. हा फरक शेकडा दोन-अडीचच असतो, पण काटा फिरवायला तेवढा पुरतो. पुढे दोन तापमापकांची जोडी आली : एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओले फडके. फडक्यातील पाणी उडून जाताना तापमान उतरते. हवा जितकी कोरडी, तितका उतार अधिक. या दोन आकड्यांच्या फरकावरून सापेक्ष आर्द्रता कोष्टकात पाहायची.

आजचा आर्द्रता-संवेदक नखाएवढा असतो. दोन पातळ धातूंच्या थरांमध्ये बहुवारिकाचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा, पापुद्रा असतो. हवेतील बाष्प त्यात शिरते. विद्युत साठवून धरण्याच्या बाबतीत पाण्याचा अंक ८० च्या घरात, तर अशा प्लॅस्टिकचा ३ च्या आसपास. त्यामुळे थोडेसे बाष्प शिरले तरी त्या जोडीची धारिता बदलते आणि तो बदल आकड्यात दिसतो. १९७३ मध्ये फिनलंडच्या व्हायसाला कंपनीने या पद्धतीचा संवेदक बाजारात आणला. तो खरे बोलतो की नाही हे तपासणे सोपे आहे. बंद डब्यात जेवणाच्या मिठाचा संपृक्त द्राव ठेवला, तर २५ अंश सेल्सिअसला आतील आर्द्रता शेकडा ७५ वर स्थिरावते. कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे करता येईल.

ओलावा मोजण्याची गरज मोठ्या प्रमाणावर पडली ती कापड गिरण्यांना. कोरड्या हवेत सुताचा धागा तुटतो, दमट हवेत तो बळकट राहतो. म्हणून विणकाम खात्यात मुद्दाम वाफ सोडली जाई. इंग्लंडमधील लँकेशायरच्या विणकरांनी या वाफेविरुद्ध ओरड केली. धागा टिकतो पण आमची छाती जाते, असे त्यांचे म्हणणे होते. १८८९ च्या कायद्याने तेथे खात्यातील आर्द्रतेला मर्यादा घातली गेली आणि तापमापकांची तीच जोडी खात्यात टांगणे भाग पडले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, धाग्यासाठी आलेले साधन माणसासाठी वापरले गेले ते कामगार संघटित होता म्हणून.

मुंबईत काय झाले? माझे आजोबा गिरणीत होते, रिंग खात्यात. साचेखात्यात पगार अधिक, पण तेथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरल्यावर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसरा कसा हाती घेणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ज्या खात्यातील हवेचा ओलावा धाग्यासाठी जपला जात होता, त्याच खात्यात माणसाचा ओठ विटाळ ठरत होता. ही व्यवस्था मोजमापात मागे नव्हती. काय मोजायचे याची तिची निवड ठरलेली होती.

२. वायू कसा ओळखला जातो

खाणीत आणि गटारात माणूस उतरू लागला तेव्हापासून विषारी हवेची परीक्षा हा प्रश्न आहे. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा तयार केला. मिथेन असला की ज्योतीचा रंग-आकार बदले. १८९० च्या दशकात हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी खाणीत नेण्याचे सुचवले. माणसाआधी पक्षी कोसळे. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ पासून निवृत्त झाले, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली. आपल्याकडे मात्र झाकण उघडून झुरळे जिवंत आहेत का पाहणे, काडी पेटवून टाकणे, अशा परीक्षांवर माणसे खाली गेलेली आहेत. मिथेन हवेत शेकडा ५ ते १५ असेल तर ती काडी म्हणजेच स्फोट.

आजचे संवेदक मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला, उत्प्रेरकी. प्लॅटिनमच्या बारीक तारेवर दोन मणी असतात. एकावर उत्प्रेरक, दुसरा निष्क्रिय. दोन्ही तापवलेले. ज्वलनशील वायू आला की पहिल्या मण्यावर तो जळतो, मणी आणखी तापतो, तारेचा रोध वाढतो आणि दोन मण्यांतील फरक काट्यावर येतो. मिथेनसाठी हा चांगला. परंतु जळण्याला प्राणवायू लागतो. प्राणवायूच कमी असेल, तर वायू भरपूर असूनही हा संवेदक कमी दाखवतो.

दुसरा, धातूच्या ऑक्साइडचा अर्धवाहक. जपानमध्ये घरगुती गॅसचे स्फोट होत, त्यावर उपाय म्हणून नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडचा संवेदक शोधला. तापलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठावर प्राणवायू चिकटून रोध वाढवतो. ज्वलनशील वायू तो प्राणवायू खातो आणि रोध उतरतो. स्वस्त आणि टिकाऊ. पण दमट हवेत याचा आकडा ढळतो. गटारातील हवा तर बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. म्हणून आर्द्रता न मोजता या संवेदकाच्या आकड्यावर विश्वास टाकता येत नाही.

तिसरा, विद्युत-रासायनिक. पातळ पडद्यातून वायू आत झिरपतो आणि अम्लाच्या द्रावात बुडालेल्या विद्युत-अग्रावर त्याची प्रक्रिया होते. हायड्रोजन सल्फाइडचा प्रत्येक रेणू ८ इलेक्ट्रॉन सोडतो. म्हणजे जितका वायू तितका प्रवाह. विषारी वायूंसाठी हाच वापरतात. याचे आयुष्य साधारण २-३ वर्षांचे असते. पडद्यावर पाणी साचले तर वायू आत जात नाही आणि उपकरण 'शून्य' दाखवत राहते.

३. माल आणि माणूस

उद्योगात हे संवेदक मालाच्या गुणवत्तेसाठी रात्रंदिवस काम करतात. केळी पिकवण्याच्या खोलीत इथिलीन १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास ठेवतात आणि कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की हवा बदलतात. वेफर्सच्या पिशवीत नायट्रोजन भरल्यावर प्राणवायू किती उरला ते तपासतात. औषधाच्या कारखान्यात आर्द्रतेची नोंद ठेवली नाही, तर गोळ्यांचा सबंध हप्ता बाद होऊ शकतो. केळ्याला श्वास कसा घ्यायचा हे ठरवण्याइतके आपले शास्त्र पुढे गेले आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न मॅनहोलपाशी हे शास्त्र का थांबते, हा आहे.

गटारातील गाळात प्राणवायू नसतो. तेथील जीवाणू पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी राहतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही येतो. पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची संवेदनाच मरते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे उतरणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात धोका तेव्हा वाढलेला असतो. ५०० पीपीएमच्या वर माणूस काही मिनिटांत कोसळतो. १,००० च्या पुढे एक-दोन श्वासांत. शिवाय वायू गाळात अडकलेला असतो. वरून मोजले तेव्हा काही नसते. कामगार फावडे मारतो, थर फुटतो आणि वायू उसळतो. त्याला ओढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. एकाच चेंबरमध्ये दोघे-तिघे मरतात ते असे. यात दैव नाही, निष्काळजी कामगारही नाही. हे मोजता येणारे रसायन आहे.

४. कायदा काय म्हणतो

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात बंदिस्त जागेत माणूस उतरवण्यापूर्वी जाणकाराने स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि दोराला बांधलेला पट्टा द्यावा, अशी तरतूद होती. म्हणजे आवश्यक ते ज्ञान या देशाच्या कायद्याला तेव्हापासून होते. पण रस्त्यावरचे मॅनहोल कारखाना नव्हता.

२०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गटार व टाकीच्या धोकादायक सफाईवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्याला ५ वर्षे आणि ५ लाखांपर्यंत. त्याच वर्षीच्या नियमांतील साधनांच्या यादीत 'चार वायूंचा गॅस मॉनिटर' स्पष्ट नमूद आहे. मात्र व्याख्या नीट वाचा : संरक्षक साधने न देता, सुरक्षेची काळजी न घेता करवून घेतलेली सफाई ती 'धोकादायक'. म्हणजे साधन दिल्याचा कागद असला की बंदीला पळवाट मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, १९९३ पासूनच्या गटार-मृत्यूंसाठी १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. मरणाची किंमत वाढली, ही वारसांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. परंतु श्वासाचे मोजमाप त्याने आपोआप सुरू होत नाही.

५. कार्यकर्त्याने काय विचारावे

येथे आपल्या शिकलेल्या पिढीचे काम सुरू होते. मृत्यूनंतर निवेदन देण्यापूर्वी, मृत्यूच्या आधीच पालिकेच्या कचेरीत जाऊन पुढील प्रश्न लेखी विचारता येतात.

एक : गॅस मॉनिटर किती आहेत, आणि ते ठेकेदाराच्या माणसांच्या हाती असतात की साहेबाच्या कपाटात?

दोन : चारही संवेदक चालू आहेत काय? प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. प्रत्येकाची मुदत कोणत्या तारखेला संपते?

तीन : ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन उपकरण तपासल्याची नोंदवही कोठे आहे? मेलेला संवेदक शून्य दाखवतो आणि निर्दोष हवाही शून्यच दाखवते. दोहोंतील फरक ही नोंदवहीच सांगू शकते.

चार : मोजमाप झाकणापाशी होते की वर, मध्ये आणि तळाशी? प्राणवायू आधी पाहतात काय? स्वच्छ हवेत तो शेकडा २०.९ असतो; १९.५ च्या खाली धोक्याचा इशारा. तो कमी असेल तर उत्प्रेरकी संवेदकाचा आकडा खोटा ठरतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. काम चालू असेपर्यंत मोजणी चालू राहते काय?

पाच : इशारा वाजल्यावर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला? मुकादमाला की खाली असलेल्या माणसाला?

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. आपली मागणी 'उपकरण द्या आणि माणूस उतरवा' अशी होता कामा नये. जी व्यवस्था पिढ्यान् पिढ्या विशिष्ट जातींनाच त्या खड्ड्यात लोटते, तिला संवेदक लावून सुरक्षित करणे हे आपले ध्येय नव्हे. यंत्राने सफाई आणि माणसाला पर्यायी, सन्मानाचे काम, हीच मूळ मागणी. संवेदकाचा उपयोग त्या मागणीचा पुरावा म्हणून आहे. आत काय आहे हे आकड्यात दिसले की 'आम्हाला कल्पना नव्हती' हे उत्तर कोणत्याही अधिकाऱ्याला देता येत नाही.

आपली मुले आता विज्ञान शाखेत येत आहेत, अभियंते होत आहेत, काही पालिकांच्या सेवेतही आहेत. त्यांनी मिठाच्या द्रावावर आर्द्रतामापक तपासावा, तसाच आपल्या गावच्या पालिकेतील गॅस मॉनिटर मागवून तपासून पाहावा. नोंदवही नसेल तर ती सुरू करून घ्यावी. पहिली ओळ कोणत्या तारखेची आहे, हे पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन विचारावे.