सावंतवाडीचा गंजिफा

सिंधुदुर्गातल्या मुलांना दशावतारांची नावे जत्रेतल्या नाटकांमुळे ओळखीची असतात. याच अवतारांवर रचलेला एक पत्त्यांचा खेळही त्यांच्याच जिल्ह्यात, सावंतवाडीच्या राजवाड्यात तयार होतो. तो खेळता मात्र फारच थोड्यांना येतो.

गंजिफा हा शब्द इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पाने पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात ८ रंग व ९६ पाने असत. आपल्याकडे रंगांच्या जागी अवतार आले आणि १० रंगांची १२० पाने झाली. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. राजाच्या पानावर खुद्द अवतार; बाकीच्यांवर मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाचे परशू मोजून घ्यायचे. पाने गोल असल्याने कोपऱ्यात आकडा लिहायची सोयच नाही!

खेळाडू तीन, प्रत्येकाला ४० पाने. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याची पहिली उतारी. रात्री कृष्णाच्या राजाला तो मान. हुकमाचा रंग नसतो. उतरलेल्या रंगाचे सर्वांत वरचे पान हात जिंकते. पण सर्वांत वरचे कोणते? राजा व प्रधान सगळीकडे वरच. त्यांच्याखाली पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटा : एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. राजा पडून गेला की प्रधान अजिंक्य, प्रधानही गेला की त्याच्या खालचे पान. म्हणजे कोणती पाने पडून गेली हे दहाही रंगांत लक्षात ठेवायचे, तेही निम्म्या रंगांत उलटे मोजून. नशिबापेक्षा स्मरणाचाच हा खेळ आहे.

पाने करणारे ते चितारी. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप, मग घोटाई, चित्र आणि शेवटी लाखेचा हात. लाख नसती तर कोकणच्या दमट हवेत पाने सादळली असती. एवढ्या कष्टांचा संच छापील बावन्न पानांपुढे किमतीत टिकणे शक्यच नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सावंतवाडीत ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवले. त्यामुळे पाने वाचली. खेळाचे तसे झाले नाही. आज संच बहुधा भेटीसाठी किंवा कपाटात मांडण्यासाठी घेतला जातो, आणि नियम तर खेळणाऱ्यांच्या डोक्यातच राहतात; ते पानांवर रंगवता येत नाहीत.

शाळेत हा खेळ पुठ्ठ्यावर करून पाहता येईल. चारच रंग घ्या : ४८ पाने, तिघांना १६-१६. (रंगात १२ पाने असल्याने रंग कितीही घेतले तरी तिघांत वाटणी समान होते, याचे कारण मुलांनाच शोधू द्या.) पहिला डाव सरळ क्रमाने खेळवा. दुसऱ्या डावात दोन रंग उलटे करा आणि कोणत्या रंगात चुका जास्त होतात ते फळ्यावर मांडत जा.