वांग्यातले सोडे आणि पार्माचे हॅम

माझ्याकडे गाणे शिकलेली बडोद्याची एक मुलगी लग्नानंतर इटलीत पार्मा शहरी राहावयास गेली. तिचे माहेर कायस्थ प्रभूंचे. बडोद्यात पिढ्या गेल्या, तरी कोकणातून सोडे आल्याखेरीज त्या घरी पावसाळा सुरू होत नाही. पार्मा हे हॅमचे गाव. तेथील दुकानात हॅमच्या कडा व शेवटचे तुकडे स्वस्तात मिळाले, म्हणून तिने अर्धा किलो आणले, मटणाचा करतात तसा रस्सा केला आणि नेहमीच्या हाताने मीठही घातले. तो रस्सा कोणाच्याने तोंडात धरवेना. तुकडे तर चामड्यासारखे झाले होते.

येथे तिच्या आईला हे फोनवर कळले तेव्हा ती माउली आधीच डुकराच्या नावाने रागावलेली. "आणलेस ते आणलेस, वर वायाही घालवलेस!" असे म्हणून तिने फोन ठेवला. पुढे चार दिवस मायलेकी बोलल्या नाहीत.

चूक समजुतीत होती. हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या पायाचे खारवलेले मांस. त्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक, मिठाच्या पाण्यात मुरवून शिजवलेले, मऊ व गुलाबी. आपल्याकडील मोठ्या शहरांत पाकिटात कापलेले मिळते ते बहुधा हेच. दुसरे, कोरड्या मिठात ठेवून मग महिनोन् महिने टांगून वाळवलेले. पार्माचे हॅम, स्पेनचे हामोन, पोर्तुगालचे प्रेझुंतो, चीनमधील जिनहुआचे हॅम, ही सारी या दुसऱ्या घराण्यातली.

पार्माच्या हॅमच्या मांसात मिठाखेरीज काहीही घालण्यास मुभा नाही. मिठाचे काम आटोपले की तो पाय वर्षाहून अधिक काळ हवेवर टांगलेला राहतो. पाणी आटून त्याचे वजन पाव हिश्शाहून अधिक घटते आणि मागे मीठ दाट होऊन उरते. शंभर ग्रॅममागे ते साधारण पाच ग्रॅम धरावे. म्हणजे त्या मुलीच्या अर्ध्या किलो तुकड्यांत चहाचे चार-पाच चमचे मीठ मुळातच होते! तयार हॅमची परीक्षा नाकाने होते. घोड्याच्या हाडाची सुई ठरावीक जागी मांसात टोचावयाची आणि लगेच हुंगावयाची. हाड सच्छिद्र असल्याने वास क्षणभर धरते आणि पुढच्या टोचणीपूर्वी सोडूनही देते.

एवढा काळ टांगून साधते काय? मांसातलीच पाचक द्रव्ये त्यातील प्रथिनांचे हळूहळू तुकडे करीत जातात, आणि त्यातून ग्लुटामेट मोकळे होते. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्रवनस्पतीतून हेच द्रव्य वेगळे काढले आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. गोड, आंबट, खारट, कडू यांहून ती निराळी. जिभेवर रेंगाळणारी, कढणाला भरीवपणा आणणारी. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या माशात दुसरे एक द्रव्य सापडले. मांसातही ते असते. ही दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, पटीने वाढते.

म्हणून जाणते स्वयंपाकी हॅम मसाल्याच्या हाताने वापरतात. चीनमध्ये कोंबडीच्या उंची कढणात जिनहुआचा लहानसा तुकडा सोडतात. स्पेनमध्ये कोवळ्या दाण्यांच्या भाजीत चार कातळ्या पुरतात. बोलोन्याच्या तोर्तेल्लीनीचे सारण १९७४ साली तेथील व्यापारी मंडळाच्या दप्तरी विधिवत् नोंदवले गेले, त्यातही हॅम आहे ते इतर जिनसांच्या जोडीला. मैफलीत तंबोरा ऐकावयास म्हणून कोणी जात नाही, पण तो थांबला की गाणे उघडे पडते. हॅमचे स्थान तेच.

मायलेकींचा अबोला सुटला तोही याच वाटेने. पाचव्या दिवशी आईनेच फोन केला. "काय गं, ते वाळवलेले आहे ना? खारवलेले आहे ना? मग आपण मूठभर सोडे वांग्यात घालतो, की वांगी सोडून नुसते सोडेच शिजवतो?" मुलीने त्याच संध्याकाळी हॅमच्या सालीचा दोन बोटे तुकडा रात्रभर भिजत टाकला. दुसऱ्या दिवशी बोर्लोत्ती नावाच्या ठिपकेदार राजम्यात तो घालून मंद आचेवर दोन तास ठेवला. मीठ शेवटी, चाखून मगच घालावयाचे ठरले होते. घालावेच लागले नाही.

तिच्यासारख्या परदेशी गेलेल्या लेकीसुनांसाठी एवढे ध्यानात ठेवावे : जाड तुकडा वा हाड आधी भिजवावे आणि पाण्यात सावकाश शिजवावे. पातळ कातळ्या मात्र आच बंद करताना घालाव्यात, फार परतल्यास त्या कडक आणि अधिक खारट होतात. हे खारवणे आपल्या उष्ण हवेत घरी करून पाहू नये. त्याला थंडी आणि सराईत हात लागतात. गोव्यात पोर्तुगीजांमागून आलेली विद्या चोरीसमध्ये रुजली, तेथे मिठाच्या मदतीला माडाच्या सुरेचा सिरका आणि लाल मिरची आली. तेही बटाटा-कांद्यात थोडेसेच घातले तर सारे भांडे रंगते. थोडेसे म्हणण्यास आणखी एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेले, प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांत गणले आहे.

ज्यांना हे मांस वर्ज्य आहे त्यांना ते वर्ज्यच राहो. त्या माउलीनेही ते चाखलेले नाही आणि चाखणारही नाही. पण न चाखता तिने ते ओळखले, कारण तिच्या फडताळात सोड्यांचा डबा होता. गेल्या महिन्यात मुलगी माहेरी आली, तेव्हा परत जाताना सामानात आईने सोड्यांची पुरचुंडी बांधून दिली. देताना म्हणाली, "हे मात्र वाया घालवू नकोस."